एकविसावा थेंब

आमच्या पुढच्या खोलीत भिंतीच्या खिळ्याला सलाईनची बाटली लटकलेली असते. घरी पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो, आवाज बारीक करतो आणि कोण आजारी आहे म्हणून विचारतो. मी जमेल तेवढं तोंड पाडते आणि सांगते, समुद्राला लावलीय. शिक्रापुरात समुद्र कुठला, हे उमगायला त्याला एक कप चहा लागतो.

टाकी मूळची आमच्या मुलाची. पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा त्याला हौस आली आणि चेन्नईला बदली झाली तेव्हा ती फिटली. चार फूट लांबीची काचेची टाकी, त्यात खारं पाणी, दोन नारिंगी मासे, खडक आणि खडकांना चिकटलेली प्रवाळं. सगळं एका टेम्पोत घालून त्यानं आमच्याकडे आणलं आणि वडलांना म्हणाला, आप्पा, आता तुम्हाला वेळच वेळ आहे. आप्पा नुकतेच रिटायर झाले होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी टाकीत गहू भरले असते.

मला प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं माहीत. पत्रिकेत मंगळ असला की ज्योतिषी घालायला लावतो ते. हे पोवळं जिवंत असतं, त्याला शेकडो बारीक तोंडं असतात आणि ते पाण्यातला चुना ओढून घेऊन स्वतःचं हाड बांधतं, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. आमच्याकडे एक हिरवं होतं, फांद्याफांद्यांचं, बोरीच्या काटकीसारखं. दुसरं तपकिरी, कोबीच्या पानासारखं उमललेलं. या दोघांसाठी पाण्यात कॅल्शियम राखावं लागतं, आणि तेही मोजून: लिटरला चारशे वीस मिलिग्रॅम. पहिल्यांदा हा आकडा ऐकला तेव्हा मी पदर तोंडात धरून हसले. म्हटलं, माशांच्या घरात चारसौबीस. यांना विनोद कळला नाही. पाण्याच्या बाबतीत यांना विनोद कळतच नाही, आणि तीच यांची मोठी गोष्ट आहे. पण हे कळायला मला फार वर्षं लागली.

आमचे हे रांजणगावला एका कंपनीत बॉयलरवर होते. तीस वर्षं एकच काम केलं, पाण्यात चुना राहू द्यायचा नाही. आमच्या भागातलं बोअरचं पाणी किती जड असतं ते इथल्या बायकांना सांगायला नको. पातेलं चार दिवस चुलीवर ठेवा, आतून पांढरं होतं. तोच थर बॉयलरच्या नळीत बसला तर नळी वाजवीपेक्षा जास्त तापते आणि फुटते, आणि नळी फुटते तेव्हा जवळ उभ्या असलेल्या माणसाला पळायला वेळ नसतो. म्हणून दर पाळीला पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात रंगाची पूड टाकायची, मग एक औषध थेंबाथेंबानं सोडायचं आणि थेंब मोजायचे. गुलाबी पाणी ज्या थेंबाला निळं होईल तो आकडा. त्यावरून पाण्यात चुना किती ते समजतं.

माझी गंमत सांगते. मी खुटबावची. घरी ऊस, दोन विहिरी, दारात ट्रॅक्टर. त्या काळी मुलीला कंपनीतला नवरा बघायचा तर तो शर्ट खोचून टेबलामागं बसणारा असावा असं माझं ठाम मत होतं. माझ्या नशिबी बॉयलरवाला आला. मी मैत्रिणींना सांगितलं, ते इंजिनीअर आहेत. कसले, असं एकीनं विचारलं तर मी म्हणाले, वाफेचे. एवढी अक्कल होती मला.

खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी मोरपंखी साडी नेसून, गजरा माळून वाफेचे इंजिनीअर बघायला गेले. बॉयलरला झेंडूच्या माळा घातलेल्या, नारळ फोडलेला. यांनी मला मोठ्या आवडीनं कोपऱ्यातल्या टेबलापाशी नेलं, पांढऱ्या वाटीत पाणी घेतलं, पूड टाकली, थेंब सोडले. गुलाबी पाणी फिरत फिरत निळं झालं. यांनी माझ्याकडे बघितलं, जणू वाटीतून कबुतर काढून दाखवलंय. आणि मी काय म्हणावं? "एवढंच व्हय?" एवढं बोलून मी पेढ्यांच्या टेबलाकडे गेले. मागे वळूनही बघितलं नाही. त्या मोरपंखी साडीतल्या पोरीला आज कुठे गाठता आलं तर मी तिचा गजरा ओढीन.

असो. तर तीस वर्षं पाण्यातून चुना काढणाऱ्या माणसाच्या घरी ही टाकी आली आणि इथं काम उलटं निघालं. इथं चुना टिकवायचा. पण मोजायची रीत तीच. काचेच्या नळीत पाच मिली पाणी, पूड, थेंब, गुलाबीचं निळं. टाकीच्या सामानातली ती डबी उघडून यांनी बाटल्यांवरची माहिती वाचली आणि चेहरा असा फुलला की मुलगा झाला तेव्हाही इतका फुलला नव्हता. इथं एक थेंब म्हणजे वीस मिलिग्रॅम. एकविसाव्या थेंबाला निळं झालं की चारशे वीस.

मग जे सुरू झालं ते बघत राहावं असं होतं. आमचं बोअरचं पाणी टाकीला चालत नाही. मी म्हणाले होते, चुनाच पाहिजे ना, आपल्या नळाला फुकट येतोय. तर त्यांनी मला तासभर समजावलं की त्यात चुन्याबरोबर आणखी नको ते सतरा प्रकार असतात. फिल्टरचं पाणी घ्यायचं, त्यात समुद्राचं मीठ विरघळवायचं. तांब्याचं भांडं टाकीच्या आसपास आणायला बंदी, कारण तांबं प्रवाळाला विष. गोडेतेलाचे दोन रिकामे कॅन धुऊन एकात कॅल्शियमचं द्रावण, दुसऱ्यात खायच्या सोड्याचं. दोन्ही प्रवाळाला हवेत, पण एकदम ओतायचे नाहीत, एकमेकांना भेटले की भांडून दोघांचा खडू होतो. म्हणून एक सकाळी, एक संध्याकाळी. सासवा-सुनांना ही व्यवस्था आधी कुणी सुचवली असती तर बरं झालं असतं. आणि ओतायचं म्हणजे ओतायचं नाहीच. मेडिकलमधून सलाईनची नळी आणली, बाटली खिळ्याला टांगली, चिमटा आवळला. एक थेंब पडतो, विरघळतो, मग दुसरा. एका दिवसात एका थेंबाच्या मापापेक्षा जास्त आकडा वाढू द्यायचा नाही. मी म्हणायचे, माझ्या गुडघ्यांना तुम्ही कधी असं मोजून कॅल्शियम दिलं नाही. तर म्हणायचे, तू गोळी गादीखाली ठेवतेस, मी बघितलंय.

वरच्या खोल्या आम्ही कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्यात. त्यांना कधी सुट्टी असली की ती पोरं खाली येऊन टाकीसमोर बसत. बिहारकडचा एक जण म्हणाला, दादी, इतनी सेवा तो हमारे यहाँ गाय की होती है. मला पहिल्यांदाच नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि तो मी लगेच लपवला. सवयीनं.

दोन वर्षांत हिरव्या काटकीचं झुडूप झालं. खडकांवर जांभळा थर चढला, बीट उकडलेल्या पाण्यासारखा. दर रविवारी हे तपासायचे आणि मोठ्यानं आकडा सांगायचे. चारशे, चारशे चाळीस, कधी तीनशे ऐंशी. त्याप्रमाणे सलाईनचा चिमटा सैल, नाहीतर घट्ट.

गेल्या हिवाळ्यात आकडा स्थिरावला. चारशे वीस. पुढच्या रविवारी चारशे वीस. त्याच्या पुढच्याही. हे खूष. पाणी आता मुरलंय, म्हणाले, आणि कॅल्शियमची बाटली काढून ठेवली. पण हिरव्या झुडपाचं लक्षण मला ठीक दिसेना. फांद्यांची टोकं नवी वाढ असली की पांढुरकी असतात, ती दिसेनात. कोबीचं पान कडेनं आक्रसलं. खडकावरचा जांभळा रंग ठिकठिकाणी उडाला, भिंतीचा पोपडा जावा तसा. हे रोज टाकीसमोर स्टूल घेऊन बसायचे आणि बसूनच राहायचे. दिव्याला दोष दिला, मिठाला दिला, चेन्नईच्या मुलाला फोन केला. एक दिवस म्हणाले, आकडा बरोबर आहे आणि जीव मरतोय, मग माझं चुकतंय तरी कुठं? हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. खडकाला विचारला होता.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम भाजी निवडायला त्यांच्या शेजारी बसले. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं आधीच झालेली, त्यामुळे मला आता शेजारणीच्या कपाळावरची टिकलीसुद्धा गेटातून दिसते. ते थेंब मोजत होते. मीही मेथीच्या काड्या मोडता मोडता मनात मोजत होते. पंधरा, सोळा. सतराव्या थेंबाला नळीतलं पाणी निळंशार झालं. हे मोजतच राहिले. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. थांबले. नळी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, चारशे वीस.

मी मेथी बाजूला ठेवली. माझी जन्माची सवय म्हणजे तोंडाला येईल ते बोलायची. त्या दिवशी मी आधी चहा केला. मग म्हणाले, "अहो, सतराव्याला निळं झालं होतं."

मला वाटलं आता हे चिडतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मला निळं दिसत न्हाई गं. मातकट दिसतंय. एकविसाव्याला निळं व्हायला पाहिजे, म्हनून थांबतो."

मला तेव्हा हसू आलं नाही, आणि माझ्याबाबतीत हे सांगण्यासारखं आहे. माझ्या नवऱ्यानं कधी कुणाला खोटा आकडा सांगितला नव्हता. पगार सांगतानासुद्धा मी वाढवून सांगायचे आणि ते चारचौघांत दुरुस्त करायचे. तो माणूस गेले दोन-तीन महिने न दिसलेला रंग गृहीत धरून बसला होता, कारण डोळे गेलेत हे कबूल करण्यापेक्षा पाणी मुरलंय हे मानणं सोपं होतं. आणि खरा आकडा होता तीनशे चाळीस. प्रवाळाला हाड बांधायला चुनाच नव्हता.

टाकी देऊन टाकू, म्हणाले. पुण्यातला दुकानदार घेईल. रंग न दिसणाऱ्यानं पाणी राखू नये. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मी घाबरले. बॉयलरवरून निवृत्त होताना हा माणूस इतका विझला नव्हता. मी म्हणाले, टाकी राहील, डोळे बदलू. तोवर थेंब मी मोजते. ते म्हणाले, तुला जमेल व्हय? मी म्हणाले, मी इंजिनीअरची बायको आहे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन दौंडला करायचं ठरलं, कारण माझा भाऊ खुटबावला आणि तिथून दौंड जवळ. आधी एक डोळा. ऑपरेशन त्याच दिवशी होऊन माणूस घरी, पण आमच्या घरापुढं हायवे, चोवीस तास ट्रकची धूळ. त्यामुळे आठ-दहा दिवस त्यांनी खुटबावलाच राहायचं, असं भावानं सांगून टाकलं. आणि मी इथंच राहणार होते. टाकी सोडून जाता येणार नव्हतं. यावर माहेरी बरीच चर्चा झाली म्हणे. नवरा ऑपरेशनला आणि बाई माशांपाशी. माझी भावजय तर फोनवर म्हणाली, वन्सं, आम्ही तुमच्याकडून ही अपेक्षा केली नव्हती. मी म्हणाले, मी पण नव्हती केली.

जाण्याआधी यांनी मला दोन दिवस शिकवलं. पाणी सिरिंजनं असं ओढायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. प्रत्येक थेंबानंतर नळी हलवायची. जांभळं झालं की थांबायचं नाही, निळं झालं की पुढं जायचं नाही. नळीमागं पांढरा कागद धरायचा. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा घेतली, स्वतःला रंग दिसत नसताना. मी सांगायचे, आता निळं, आणि ते माझ्या आवाजावरून ओळखायचे की मी खात्रीनं सांगतेय की उरकतेय.

ते गेल्यावर पहिले दोन दिवस मी साध्वीसारखी वागले. सलाईन बारीक सोडलं, तीनशे चाळीसचे तीनशे साठ झाले. रोज दुपारी फोन करून आकडा सांगायचा. तिकडून ते म्हणायचे, हं. यांच्या हं मध्ये तीन प्रकार आहेत. हा चांगला होता.

तिसऱ्या दिवशी माझ्यातली ती जुनी मोरपंखी पोरगी जागी झाली. कॅल्शियमच्या पुडीचं झाकण मी उघडंच ठेवलं होतं. ती पूड हवेतली ओल पिते हे मला सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. सकाळी बघते तर डब्यात गोळा आणि गोळ्याभोवती पाणी. आता त्याचं माप कसं धरायचं? नवी पुडी पुण्याहून यायला चार दिवस. यांना सांगितलं असतं तर थांब म्हणाले असते. म्हणून सांगितलं नाही.

मी म्हटलं, चुनाच लागतो ना. आपल्याला निवळी करता येते. मी पोटुशी होते तेव्हा सासूबाई मला रोज चमचाभर चुन्याची निवळी द्यायच्या. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा, गाळ खाली बसतो, वर काचेसारखं पाणी येतं, तेवढंच घ्यायचं. मी ती जास्वंदीला घालायचे आणि सासूबाई म्हणायच्या, बघ, तोंडावर कसं तेज आलंय. जास्वंद मात्र खरंच जोरात होती.

पानवाल्याकडून कळीचा चुना आणला, निवळी केली. चौथ्या दिवशी तीच सलाईनच्या बाटलीत भरून थेंब थेंब सोडली. काही बिघडलं नाही. दुपारी आकडा बघितला, तीनशे साठच. पाचव्या दिवशी सकाळीही तीनशे साठ. मला राहवेना. खाली एवढा चुना पांढराशुभ्र बसलाय आणि मी वरचं पाणी पाजतेय, हे मला शहाणपणाचं वाटेना. जेवणं झाल्यावर मी पातेलं ढवळलं, दुधासारखं झालेलं ते पाणी तांब्यात घेतलं, तांब्या स्टीलचा होता एवढं ध्यानात ठेवलं म्हणून स्वतःची पाठ थोपटली आणि टाकीत ओतलं.

आमच्या पुढच्या खोलीत बर्फ पडला. टाकीभर पांढरं धुकं, मासे दिसेनात. मग दिसले ते वर, तोंड पाण्याबाहेर काढून धापा टाकताना. हिरव्या झुडपाची सगळी तोंडं आत गेली, नुसती काटकी उरली.

मी खुटबावला फोन लावला. भावानं उचलला, त्याला म्हणाले, यांना दे. यांच्या एका डोळ्याला पट्टी, पण कान शाबूत. मी म्हणाले की पाणी जरा गढूळ दिसतंय. त्यांनी विचारलं, काय घातलंस? मी म्हणाले, थोडी निवळी. त्यांनी विचारलं, नितळ होती का पांढरी? मी हातातला तांब्या खाली ठेवला. ते म्हणाले, किती? मी म्हणाले, तांब्याभर.

ओरडले नाहीत. पाण्याचं काही बिघडलं की ते ओरडत नाहीत, आवाज उलट खाली जातो. म्हणाले, "ऐक. चुन्यानं पाणी जहाल झालंय, ते सोड्यानं उतरतं. खायचा न्हवं. बाटलीतला, फसफसणारा. साधा. लिंबू न्हाई, मीठ न्हाई. परमिट रूमच्या काउंटरला मिळंल. जा."

भर दुपारी तीन वाजता मी हायवेच्या कडेच्या परमिट रूममध्ये शिरले. आत तीन-चार माणसं होती, त्यातल्या एकानं मला बघून ग्लास टेबलाखाली घेतला. मी त्याच्या आईच्या ओळखीची आहे. मी काउंटरवर जाऊन म्हणाले, चार सोडे द्या, साधे. काउंटरवाल्यानं विचारलं, सोबत काय देऊ? मी म्हणाले, सोबत मासे आहेत घरी. तो म्हणाला, मावशी, मग तर ठीकच आहे. हे वाक्य अजून गावात फिरतंय.

घरी येऊन फोन टाकीशेजारी ठेवला, मोठ्यानं बोलेल असा. ते सांगत गेले, मी करत गेले. सोडा बारीक धारेनं, पंपाच्या तोंडापाशी. एक बाटली, मग थांब. मासे काय करतात ते बघ. आता अर्धी. थांब. तयार करून ठेवलेलं खारं पाणी पिंपात आहे, त्यातल्या दोन बादल्या बदल. फिल्टरचं फडकं धू. त्यांना इथलं काहीही दिसत नव्हतं आणि सगळं दिसत होतं. तास-दीड तास तो माणूस खुटबावच्या ओसरीवर पट्टी बांधून बसला होता आणि माझ्या हातानं शिक्रापुरातलं पाणी सांभाळत होता. मधे एकदा मी रडले. त्यांनी तेवढा वेळ थांबून विचारलं, फडकं धुतलंस का?

संध्याकाळच्या आत धुकं खाली बसलं, मासे खाली गेले. त्यांनी सांगितलं, आता मोज. मी मोजलं. चौदाव्या थेंबाला निळं. परत मोजलं. चौदाच. तीनशे साठवरून दोनशे ऐंशी. मी म्हणाले, अहो, तांब्याभर चुना घातला आणि चुना कमी कसा झाला?

"सगळा दगड होऊन बसला. तुझाबी आन् पान्यातलाबी. नळीत थर बसतो, तसा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तीस वर्षं मी जे होऊ दिलं न्हाई, ते तू एका तांब्यात केलंस."

आणि हसले. मी ते हसणं जन्मभर विसरणार नाही, कारण पलीकडून माझा भाऊ ओरडत होता, दाजी, हसू नका, डोळ्यावर ताण येतो.

त्यानंतर मी पाण्यासमोर शहाणी झाले. नवी पुडी आली. चार-पाच दिवसांत एक थेंब वर, जास्त नाही. पंधरा. सोळा. हिरव्या झुडपाच्या दोन फांद्या गेल्याच, त्या मी त्यांच्या सांगण्यावरून कटरनं कापल्या. बाकीच्यांची तोंडं पाचव्या-सहाव्या दिवशी उघडायला लागली, आधी एक, मग बाजूची दोन. मी स्टूल घेऊन टाकीसमोर बसायचे. जे मला वर्षानुवर्षं बिनकामाचं वाटत होतं, ते मीच करायला लागले आणि मला वेळ पुरेना.

ते काळा चष्मा लावून घरी आले. डॉक्टरांनी महिनाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे टाकीत हात घालायला बंदी. लांबून बघायचे आणि मला सूचना करायचे. तीनशे ऐंशीला पोचलो त्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच हे टेबलाशी बसले. पाणी ओढलं, पूड टाकली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. सतरा, अठरा. एकोणिसाव्या थेंबाला हात थांबला.

"निळा एवढा निळा असतो व्हय," म्हणाले.

मग त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा झाकला आणि दुसऱ्या, अजून मोतीबिंदू असलेल्या डोळ्यानं नळीकडे बघितलं. परत तो झाकून ऑपरेशनच्या डोळ्यानं बघितलं. असं चार-पाच वेळा केलं. मला आधी गंमत वाटली. मग त्यांचा चेहरा उतरत गेला तसं माझ्या लक्षात आलं की ते टाकीचा विचार करत नाहीत.

"हे काय एका वरसात झालं नसंल. मग कंपनीतली शेवटची वर्षं मी काय बघत होतो?"

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, जाऊ द्या, रिटायर झालात, आता त्याचं काय. ही माझी समजूत घालायची पद्धत होती आणि तिनं कधी कुणाची समजूत पटली नाही. त्या नळ्यांशेजारी माणसं उभी असायची. ते हे कसं जाऊ देतील? मी फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, तुमच्या जागी जो आलाय त्याला विचारा.

त्यांनी नंबर लावायला बराच वेळ घेतला. पलीकडचा माणूस पाळीवरच होता, मागं मशिनींचा आवाज येत होता. यांनी इकडचं तिकडचं विचारलं नाही. एवढंच विचारलं की मी गेल्यानंतरच्या शटडाऊनला बॉयलर उघडला तेव्हा नळ्यांत थर किती होता. पलीकडच्यानं जे सांगितलं ते मला दारातून ऐकू आलं, कारण बॉयलरवरची माणसं फोनवरही मशिनीवरून बोलल्यासारखी बोलतात. "थर कुठला, आप्पा. आतनं ताटासारख्या लख्ख होत्या. इन्स्पेक्टर म्हनला, कोण होता हितं?"

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पलीकडच्यानं विचारलं, आप्पा, घरी करमतंय का, काय चाललंय?

"चाललंय. टाकी हाय. घरात एक ऑपरेटर मिळालीय," ते म्हणाले. "जरा उतावीळ हाय. पन थेंब बरोबर मोजती."

मी तेव्हा सलाईनच्या चिमट्याशी होते. बोटं जरा सैल पडली असतील, थेंब भरभर पडायला लागले.

"हळू," ते फोन न ठेवताच म्हणाले.